जुन्या डिझायनर पोर्सिलेनमध्ये सूप वाढायचं असेल तर

पन्नास-साठ वर्षं जुनं जर्मन पोर्सिलेन गरम सुपासाठी वापरावं का? अंग शाबूत असेल तर निर्धास्त वापरावं. ते त्यासाठीच घडवलेलं आहे आणि नुसतं शोकेसमध्ये ठेवलं तर त्याच्या घडणीतली निम्मी हुशारी कधी कळतच नाही. मात्र एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. या भांड्याचं अंग फार कणखर असतं. कमजोर असतं ते त्यावर नंतर चढवलेलं: सोनेरी काठ, झिलईवरची (काचेसारख्या वरच्या थरावरची) रंगीत नक्षी, मधल्या काळात कुणी केलेली डागडुजी. तितक्याच नाजूक असतात जोडाच्या जागा, म्हणजे कान आणि झाकणाची मूठ. काय विकत घ्यावं, कशात काय वाढावं, कसं धुवावं, हे सगळं यावरूनच ठरतं.

अंग कणखर का, तेही पाहू. ही भांडी कठीण पोर्सिलेनची असतात. त्याच्या मिश्रणात ढोबळमानाने निम्मं केओलिन (पांढरी माती), पाव हिस्सा फेल्डस्पार (भट्टीत वितळणारं खनिज) आणि पाव हिस्सा क्वार्ट्झ (गारगोटी) असतं. पहिली भाजणी साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला होते. मग झिलईत बुडवून दुसरी भाजणी होते, ती १४०० अंशांच्या आसपास. या तापमानाला माती आणि झिलई एकजीव होतात आणि अंग काचेसारखं घट्ट बनतं. पाणी त्यात जवळजवळ मुरतच नाही. त्यामुळे हळद, लोणी, लसूण यांचा रंग किंवा वास शाबूत भांड्याला धरत नाही. साध्या चिनीमातीच्या जुन्या भांड्यांची गोष्ट वेगळी: त्यांची माती सच्छिद्र असते, झिलईवर बारीक जाळी पडते आणि सुपातलं तेल त्या जाळीतून आत उतरतं. म्हणून ‘पोर्सिलेन’ म्हणून दाखवलेल्या सूप प्लेटच्या झिलईत जाळी दिसली, तर ती बहुधा कठीण पोर्सिलेनची नाही असं समजावं आणि रोजच्या सुपासाठी ती घेऊ नये.

कोणत्या घडणी शोधाव्यात

जर्मनीतल्या बव्हेरियाच्या ईशान्य टोकाला झेल्ब आणि आर्त्सबर्ग ही गावं आहेत. चांगल्या वापराच्या पोर्सिलेनचा मोठा हिस्सा तिथून आला. सुरुवात करणाऱ्याने आर्त्सबर्गचा ‘१३८२’ पाहावा. हेरमान ग्रेच यांनी १९३१ मध्ये केलेली ही घडण आहे आणि १३८२ हा नुसता साच्याचा क्रमांक. गोलसर, शांत, कुठेही उगाच कोपरा नाही. १९३६ च्या मिलान त्रिएनाले या डिझाइन प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं. ती अनेक दशकं बनत राहिली, त्यामुळे सुटी भांडी सापडतात आणि एखादी प्लेट फुटली तर जोडीची मिळते. सूप वाढायच्या संचाला हा गुण सौंदर्याइतकाच महत्त्वाचा आहे.

१९३१ मध्येच बर्लिनच्या केपीएम या कारखान्यासाठी ट्रुडे पेट्री यांनी ‘उर्बिनो’ केलं. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला ग्रां प्री हा मोठा पुरस्कार मिळाला. त्याच्या ताटल्यांना आडवा काठ नाही, त्या गोलाचा काप घेतल्यासारख्या वर वळत जातात. दिसायला अप्रतिम, पण काठ नसल्यामुळे सुपाने भरलेली प्लेट उचलताना अंगठा टेकायला जागाच राहत नाही. ती नेहमी खाली दुसरी सपाट प्लेट ठेवूनच न्यावी.

झेल्बच्या रोझेंथाल या कारखान्याकडे वळलात तर निवड मोठी आहे. रेमंड लोवी आणि रिचर्ड लॅथम यांचं ‘फॉर्म २०००’ १९५४ चं. ‘स्टुडिओ-लाइन’ ही मालिका १९६१ ला सुरू झाली. टापिओ विर्कला यांचं ‘व्हेरिएशन’ १९६२ चं. त्यातल्या भांड्यांच्या बाहेरच्या अंगावर बारीक उभ्या खाचांची रचना आहे. टिमो सार्पानेवा यांचं ‘सुओमी’ १९७६ चं, नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत, चौकोन आणि वर्तुळ यांच्या मधलं. सूप वाढण्यासाठी पांढरं, बिननक्षीचं ‘सुओमी’ किंवा ‘व्हेरिएशन’ घ्यावं हे आमचं ठाम मत. नक्षीदार आवृत्त्या संग्राहकांना प्रिय असतात, पण त्यांच्या मर्यादा पुढे येतीलच.

संचात काय काय लागतं

झाकणाचं मोठं भांडं, म्हणजे टुरीन. साधारण अडीच ते तीन लिटरचं सहा ते आठ माणसांना पुरतं. आधी हे शोधावं, प्लेटा नंतर. कारण प्लेटा मिळत राहतात, शाबूत झाकणासकट टुरीन मिळायला वेळ लागतो. झाकणाला पळीसाठी खाच आहे का ते पाहावं. खाच नसेल तर पळी बाहेर वेगळ्या बशीत ठेवायची. झाकण तिरकं टेकवून पळी आत ठेवली की झाकणाच्या आतल्या ओठाचा टवका उडतो.

खोलगट सूप प्लेट, २३-२४ सेंटिमीटर व्यासाची. घट्ट सूप आणि ज्यात भाजी, शेवया, मांसाचे तुकडे आहेत असं सूप यात वाढावं.

दोन कानांचा सूप कप आणि त्याची बशी. कप साधारण पाव लिटरचा. गाळलेलं, पातळ सूप यात द्यावं. शेवटचा घोट दोन्ही कान धरून पिता यावा म्हणून कान दोन. पृष्ठभाग लहान असल्यामुळे यात सूप प्लेटपेक्षा खूप जास्त वेळ गरम राहतं.

विकत घेण्याआधीची तपासणी

जर्मनीत राहणाऱ्यांना रविवारचे जुने बाजार जवळचे. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जुन्या युरोपीय क्रोकरीचे सुटे तुकडे येतात. कुठेही घ्या, हातात दोन वस्तू असाव्यात: मोबाइलचा टॉर्च आणि ३६५ नॅनोमीटरची छोटी अतिनील बॅटरी.

आधी भांडं कोरड्या बोटांनी चाचपावं. काठावरून बोट सावकाश पूर्ण फिरवलं की डोळ्याला न दिसणारा टवकासुद्धा लागतो. मग टॉर्च भांड्याच्या आतून अंगाला लावून बाहेरून पाहावं. कठीण पोर्सिलेन पातळ असेल तिथे प्रकाश आरपार येतो, आणि तडा असेल तर त्या उजेडात काळसर केस पडल्यासारखी रेघ दिसते. झिलईवरचा नुसता ओरखडा अशी गडद रेघ देत नाही. टुरीनच्या बुडाशी भिंत जाड असते, तिथे प्रकाश कमी येतो. म्हणून बूड आणि कानाच्या मुळाशी टॉर्च अगदी टेकवून, तिरका धरून पाहावं. कानाच्या मुळाशी भेग असेल तर ते टुरीन सुपासाठी घेऊ नये, मग किंमत कितीही कमी असो. कान ओल्या मातीच्या घोळाने चिकटवून मग भाजलेला असतो आणि भरल्या भांड्याचा सगळा भार त्या जोडावर येतो. दीड-दोन किलोचं टुरीन, त्यात अडीच किलो सूप.

प्लेट तीन बोटांवर तोलून पेन्सिलीच्या लाकडी टोकाने काठावर हलकेच टिचकी मारावी. खणखणीत, लांबणारा नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. टुरीनसाठी या चाचणीवर विसंबू नये. जाड बूड आणि कान यांमुळे चांगल्या टुरीनचाही नाद दबतो.

डागडुजी ओळखण्यासाठी अंधाऱ्या कोपऱ्यात अतिनील प्रकाश टाकावा. झिलई एकसारखी मंद दिसते. दुरुस्तीतला इपॉक्सी (कडक होणारा गोंद) बहुधा निळसर पांढरा चमकतो, जुनी लाखेची दुरुस्ती नारिंगी दिसते. बॅटरी नसेल तर नखाने वाजवावं: झिलई टणक आणि गार लागते, रंगवलेली डागडुजी मऊ आणि किंचित कोमट. दुरुस्त केलेलं टुरीन मांडून ठेवायला चांगलं, पण गरम सुपाला नाही. घरगुती वापराचे बरेच इपॉक्सी ५०-६० अंशांनंतर मऊ पडू लागतात आणि सूप ८० अंशांचं असतं. भरलेलं भांडं उचललं आणि कान हातात आला, तर पायावर कढत सूप सांडेल.

झाकण बसवून हळू फिरवून पाहावं. भाजताना पोर्सिलेन साधारण १५ टक्के आकुंचन पावतं आणि थोडं वाकतंही, त्यामुळे दोनेक मिलिमीटरचा ढिलेपणा चालतो. झाकण डुगडुगत असेल किंवा त्याचा पांढरा रंग भांड्यापेक्षा वेगळा वाटत असेल, तर ते दुसऱ्या भांड्याचं आहे. रंग उघड्या दिवसाच्या उजेडातच पाहावा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली निळसर पांढरा आणि मलईचा पांढरा सारखेच दिसतात.

शेवटी बुडाचा शिक्का. जर्मन कारखान्यांमध्ये दुय्यम प्रतीच्या मालाच्या शिक्क्यावर घासून रेघ मारण्याची पद्धत होती. अशी रेघ दिसली म्हणून नकार देऊ नका. दोष बहुतेकदा सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका किंवा झिलईतला एखादा खळगा असतो. सूप वाढण्यात त्याने काही अडत नाही आणि भाव कमी करायला ते रास्त कारण आहे. शिक्क्यात ‘यूएस झोन’ (जर्मनीतला अमेरिकेच्या ताब्यातला भाग) असं छापलेलं असेल तर ते भांडं युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं.

नक्षी आणि आंबट सूप

झिलईवरची नक्षी साधारण ८०० अंशांना भाजून बसवतात. म्हणजे ती झिलईच्या वर बसते, झिलईचं तिला संरक्षण नसतं. ओळखायला सोपं: प्लेट खिडकीकडे तिरकी धरा. नक्षीपाशी चकाकी तुटत असेल, बोटाला किंचित उंचवटा लागत असेल, तर नक्षी वर आहे. अशा जुन्या रंगांमध्ये शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू वापरले जात. आंबट पदार्थ ते हळूहळू रंगातून सोडवून घेतो. टोमॅटोचं सूप, टोमॅटोचं सार, कोकमाचं सार, लिंबू पिळलेलं सूप हे सगळं आंबट आहे.

म्हणून नियम सरळ ठेवावा. सूप जिथे टेकतं तिथे, म्हणजे प्लेटच्या खळग्यात किंवा कपाच्या आत, झिलईवरची नक्षी असेल तर त्यात जेवण वाढू नये. नक्षी फक्त बाहेरच्या अंगावर किंवा आडव्या काठावर असेल तर वाढायला हरकत नाही. सूप काठापर्यंत भरू नये, आणि उरलेलं त्यात ठेवून फ्रिजमध्ये टाकू नये. लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यासाठी पूर्ण पांढरंच भांडं घ्यावं. शिसं तपासायच्या घरगुती पट्ट्यांवरून निर्णय करू नये. पट्टी नकारार्थी आली तरी भांडं शिसं सोडत नाही याची ती खात्री देत नाही.

वाढण्याची कृती

सूप गार का होतं याचा हिशोब केल्याशिवाय वाढणं सुधारत नाही. खोलीत २५ अंश तापमान आहे, सूप प्लेट अर्ध्या किलोची आहे, त्यात ८० अंशांचं २२५ मिलिलिटर सूप ओतलं. प्लेट तापण्यातच सूप ६२-६३ अंशांवर येतं, आणि हवेने गार होणं अजून सुरूही झालेलं नसतं. तीच प्लेट आधी ५० अंशांना गरम केलेली असेल तर सूप ७० च्या आसपास राहतं. टुरीनमध्ये सूप जास्त असल्यामुळे फटका कमी: गार टुरीन साधारण १० अंश खातं, गरम केलेलं ५. म्हणजे टुरीन गरम करण्यापेक्षा प्लेटा गरम करणं जास्त महत्त्वाचं. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं.

सहा जणांसाठी, सूप जेवणाची सुरुवात म्हणून असेल तर, माणशी २०० ते २२५ मिलिलिटर धरा आणि वर पाव भाग जास्त. म्हणजे सुमारे १.६ लिटर. तीन लिटरचं टुरीन यात अर्ध्याहून थोडं जास्त भरतं, आणि तसंच असावं. काठापासून निदान तीन सेंटिमीटर रिकामं ठेवायचं, नाही तर पळी बुडवताच सूप काठावर येतं.

वाढायच्या १५ मिनिटं आधी टुरीनमध्ये नळाचं गरम पाणी भरावं, ५५-६० अंशांचं, म्हणजे हात फार वेळ बुडवून ठेवता येणार नाही इतकं. गीझरचं पाणी पुरेसं असतं. उकळतं पाणी गार टुरीनमध्ये ओतू नये. कठीण पोर्सिलेन धक्का बराच सोसतं, पण जाड बूड आणि पातळ भिंत यांच्या तापण्यात फरक पडला की जुनी, न दिसणारी भेग तिथेच पुढे सरकते. पाच मिनिटांनी पाणी ओतून आतून बाहेरून पुसावं. मध्ये प्लेटा ओव्हनमध्ये ठेवाव्यात: ओव्हन गार असतानाच ठेवायच्या, मग ५०-६० अंशांवर लावायचा, १५ मिनिटं. ओव्हन नसेल तर टपात गरम पाण्यात चार मिनिटं बुडवून कोरड्या कराव्यात. मायक्रोवेव्हमध्ये सोनेरी काठाची प्लेट कधीही घालू नये. ठिणग्या उडतात आणि सोनं तिथल्या तिथे काळं पडतं. गॅसवर किंवा इंडक्शनवर टुरीन ठेवायचा प्रश्नच नाही.

टुरीन रिकामंच टेबलावर न्यावं, खाली दुहेरी कापड किंवा लाकडी पाट ठेवावा आणि सूप पातेल्यातून तिथे आणून ओतावं. भरलेलं टुरीन कानांनी धरून स्वयंपाकघरातून आणण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित. न्यायचंच असेल तर ट्रेमध्ये ठेवून ट्रे उचलावा. सूप ओतताना पातेलं काठावर टेकवू नये. झाकण काढलं की आतल्या बाजूचं पाणी आधी टुरीनमध्येच निथळू द्यावं, मग झाकण घडी केलेल्या नॅपकिनवर मूठ वर करून ठेवावं. उलटं ठेवलं तर मुठीवर डोलतं आणि घरंगळतं.

पळी लाकडी किंवा पोर्सिलेनची. स्टीलच्या डावाची कड झिलईवर घासली की करडे फराटे उमटतात, आणि डाव बुडावर आपटला तर कधी तरी टवका निघतो. प्लेटमध्ये सूप आडव्या काठाच्या खाली बोटभर राहील इतकंच भरावं. साई, तूप, कोथिंबीर प्लेटमध्ये वाढल्यावर घालावी, टुरीनमध्ये नाही. दुसऱ्या खेपेला वाढताना पळीने सगळं एकत्र होतं आणि सूप गढूळ दिसतं.

धुणं आणि डाग

पिठूळ किंवा डाळीचं सूप वाळलं की खरवडावं लागतं, म्हणून जेवण उरकताच कोमट पाणी भरून २० मिनिटं ठेवावं. स्टीलच्या सिंकऐवजी प्लास्टिकच्या टपात, ४० अंशांच्या पाण्यात, सौम्य द्रवसाबणाने आणि मऊ स्पंजने धुवावं. एका वेळी एकच भांडं. अंगठी आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. तारेची घासणी नको आणि हिरवा स्क्रबरही नको. त्याचे धारदार कण झिलईची चकाकी मारतात. सोनेरी काठाचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असू शकतो, तो अशा घासणीने काही धुण्यांतच जातो. ‘व्हेरिएशन’च्या खाचांमध्ये तुपाचा पातळ थर बसतो. मऊ दातांचा ब्रश रेघेच्या दिशेने, वरून खाली फिरवावा, आडवा नाही. डिशवॉशरमध्ये फक्त पूर्ण पांढरी, बिनसोन्याची, बिनदुरुस्तीची भांडी, तीही एकमेकांना न टेकता.

करडे फराटे म्हणजे ओरखडे असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो चमच्याचा धातू झिलईवर लागलेला असतो. बेकिंग सोड्यात थोडं पाणी घालून लेप करावा, ओल्या सुती कापडाने गोल गोल घासावं. नाही गेले तर ऑक्झॅलिक आम्लाची साफसफाईची पावडर, हातमोजे घालून, मिनिटभरच, आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. सोनं आणि नक्षी यांच्यावर दोन्ही उपाय करू नयेत.

हळद झिलईवर टिकत नाही, पण बुडाच्या बिनझिलईच्या कड्यावर, टवक्यात आणि भेगेत बसते. भांडं धुऊन दोन-तीन दिवस उन्हात ठेवलं की पिवळेपणा उतरतो. हळदीचा रंग प्रकाशाने विरतो. काळपट झालेल्या टवक्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावं. आधी भांडं तासभर साध्या पाण्यात भिजवायचं, म्हणजे मळ आणखी आत ओढला जात नाही. मग पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस डागावर ठेवून वर प्लास्टिक गुंडाळायचं, २४ तास. नंतर पाणी बदलत दिवसभर बुडवून ठेवायचं. क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. त्यातले क्षार भेगेत राहतात, वाळताना स्फटिक होतात आणि झिलई उचलतात.

ठेवणं आणि पाठवणं

बुडाचं कडं खरखरीत असतं आणि ते खालच्या प्लेटची झिलई घासतं. म्हणून प्रत्येक दोन प्लेटांमध्ये फेल्टची किंवा जाड सुती कापडाची चकती, आणि एका थप्पीत सहापेक्षा जास्त नाहीत. सूप कप एकात एक घालू नयेत, कान अडकतात. टुरीनचं झाकण कापडाची पट्टी मध्ये ठेवून उलटं बसवावं. आत हवा खेळते आणि बंद वास धरत नाही.

परदेशातून मागवताना विक्रेत्याला स्पष्ट लिहावं की झाकण टुरीनवर बसवलेलं पाठवू नये. वाटेत बहुतेक झाकणं अशीच फुटतात: पेटी हलते आणि झाकण स्वतःच्याच भांड्यावर आपटत राहतं. झाकण वेगळं गुंडाळायचं, टुरीनचं पोट कागदाने घट्ट भरायचं, दोन्ही कानांभोवती फोमची नळी लावायची, आणि दुहेरी पेटीत मध्ये चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर भरण ठेवायचं. बंद पेटी हलवली की आतून काहीही आवाज येता कामा नये. प्लेटा आडव्या रचून नाही, उभ्या रांगेत ठेवून पाठवायच्या.